रीफ टाकीसाठी लाइट घेताना

रीफ टाकी म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. आधी कोणते कोरल ठेवणार ते ठरवा, लाइट त्यानंतर. वॉट बघून घेऊ नका. कामाचा आकडा म्हणजे पार (PAR), कोरलपर्यंत प्रत्यक्ष पोचणारा उपयोगी उजेड. झोआ, मशरूम, लेदर या जातींच्या कोरलना ५० ते १५० पार पुरतो, ॲक्रोपोरा कोरलला मात्र २०० ते ३५० लागतो. ४०० ते ४८० नॅनोमीटरचा निळा-जांभळा भाग भरपूर हवा. गोड्या पाण्यातल्या झाडांसाठीचा पांढरा एलईडी इथे घेऊ नका.

लाइट पाण्यापासून २०-२५ सेंमी वर टांगा. चार फुटी टाकीला दोन युनिट घ्याच, नाहीतर कडांना उजेड पोचत नाही.

नवख्यांचा खरा घोटाळा होतो तो पहिल्याच दिवशी पूर्ण ब्राइटनेस दिल्याने. कोरल आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. ३० टक्क्यांवर सुरू करा, दर आठवड्याला ५ टक्के वाढवा, टायमर ८-९ तासांचा ठेवा. रंग फिकटला की लगेच उजेड कमी करा किंवा कोरल खाली न्या. झोआ देठ ताणून उंच होत असतील तर उजेड कमी पडतोय. आणि लेन्सवर मिठाचा थर बसतो, तो आठवड्यातून एकदा लाइट बंद करून ओल्या फडक्याने पुसा.