कुरळे केस, गुंता आणि जट

पाऊस सुरू झाला की कुरळ्या केसांविषयीची पत्रं वाढतात. यंदाही वाढली आहेत. गावं वेगवेगळी, गोंधळ तोच: कुरळे केस म्हणजे काहीतरी बिघडलंय आणि ते दुरुस्त करायला हवं. बिघडलेलं काहीही नसतं. केसाचं मूळ त्वचेत वाकडं बसलेलं असतं, केसाचा छेद गोल नसून चपटा असतो, म्हणून केस वळणं घेत वाढतो. टाळूचं तेल त्या वळणांवरून टोकापर्यंत उतरत नाही आणि टोकं कोरडी राहतात. एवढं लक्षात ठेवून पुढची उत्तरं वाचा.

प्र. मुलगी 3 वर्षांची आहे. जावळ काढलं तरी केस कुरळेच आले. अजून दोनदा गोटा केला तर सरळ येतील, असं सासूबाई म्हणतात. (कळंबा)

येणार नाहीत. वस्तरा त्वचेच्या वर चालतो, मूळ आत असतं.

प्र. आठवड्यातून दोनदा न्हाते. त्या दिवशी हातात केसांचा पुंजकाच येतो. टक्कल पडेल का? बायोटिनच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. (इचलकरंजी)

रोज 50 ते 100 केस गळणं स्वाभाविक आहे. सरळ केस गळला की खाली पडतो. कुरळा केस वळणात अडकून बसतो आणि न्हाताना निघतो, म्हणून तीन-चार दिवसांचे केस तुम्हाला एकदम दिसतात. मात्र भांग रुंद होत असेल, किंवा डेंगी, बाळंतपण, मोठं ऑपरेशन यानंतर दोन-तीन महिन्यांनी गळती सुरू झाली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासावं लागेल. गोळ्या मनाने का सुरू केल्या? निदान रक्त द्यायला जाण्याआधी त्या घेत असल्याचं डॉक्टरांना सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

प्र. घरच्या घरी कुरळे केस नीट कसे बसवायचे? चार बाटल्यांचं किट घेऊ का? (राजारामपुरी)

किट नको. एक सौम्य शाम्पू, एक साधं कंडिशनर, रुंद दातांची फणी आणि जुना मऊ सुती पंचा एवढं पुरे. न्हाण्याआधी तासभर खोबरेल तेल लावा. शाम्पू फक्त टाळूला. कंडिशनर कानाच्या खालच्या केसांना भरपूर लावा आणि ते केसांत असतानाच, केस ओले असताना, टोकाकडून वर असं विंचरा. कुरळे केस कोरडे विंचरले की तुटतात आणि पिंजल्यासारखे फुलतात. टॉवेलने खसाखसा पुसू नका. पंच्यात केस घेऊन तळव्याने खालून वर दाबा.

केस बसवायला जवसाचं पाणी उत्तम. चार चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत उकळा. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार धरली की गॅस बंद करून गरम असतानाच गाळा. गार झालं की ते गाळणीतून उतरत नाही. ओल्या केसांना लावा, मुठीत हलकं चुरगाळा आणि वाळेपर्यंत हात लावू नका. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला तर फेकून द्या. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघा. खाज किंवा पुरळ आलं तर वापरू नका, दाखवायला या.

प्र. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. केस चिकट आणि राठ झालेत. (उचगाव)

जड पाण्यातले क्षार केसांवर बसतात. शेवटचे दोन तांबे नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घ्या. खायचा सोडा लावू नका.

प्र. मार्गशीर्षात लग्न आहे. पार्लरमध्ये केराटिन करून केस सरळ करा म्हणतात, ‘फॉर्मल्डिहाइड नाही’ असं लिहिलेलं दाखवलं. करू का? (शाहूपुरी)

करू नका. केराटिन हे नाव विकण्यासाठी आहे. केस सरळ होतो तो रसायनाने आणि तापलेल्या इस्त्रीने. फॉर्मल्डिहाइडने कर्करोग होऊ शकतो हे सिद्ध झाल्यावर बऱ्याच बाटल्यांत त्याऐवजी ग्लायऑक्झिलिक ॲसिड आलं. ते टाळूतून शरीरात गेलं की त्याचं ऑक्झलेट बनतं आणि त्याचे बारीक स्फटिक मूत्रपिंडात साठू शकतात. 2024 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका 26 वर्षांच्या तरुणीची हकीकत छापली. 2020, 2021 आणि 2022 अशा तिन्ही वेळी केस सरळ केल्यावर तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली होती. बाटलीवर काय नाही ते मोठ्या अक्षरात असतं, काय आहे ते मागे बारीक अक्षरात. तिथे वाचा. आधीच करून घेतलं असेल आणि उलट्या, पोटात किंवा पाठीत दुखणं, लघवी कमी होणं असं काही झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि केसांना काय लावलं ते सांगा.

प्र. भाची 14 वर्षांची, केस दाट कुरळे. टायफॉइडमध्ये महिनाभर विंचरले नाहीत, आता मानेवर गाठ झाली आहे. गल्लीतल्या बायका म्हणतात यल्लमाची जट आहे, कात्री लावली तर घरावर संकट येईल. तिची आई घाबरली आहे. (गडहिंग्लज तालुका)

ताई, यात एक दिवसही घालवू नका. हे पत्र दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावातून येतं आणि बहुतेक वेळा उशिरा येतं.

जट म्हणजे गुंता. रोज गळणारे केस बाहेर पडायला वाट नसली की बाजूच्या केसांत अडकतात. कुरळ्या केसांत हे लवकर होतं. त्यात घाम, तेल, धूळ मिसळली की सगळं डिंकासारखं धरतं. मग फणी अडते, दुखतं, म्हणून विंचरणं बंद. कुणीतरी ‘जट’ म्हणतं, म्हणून धुणंही बंद. वर हळदकुंकू, भंडारा पडायला लागतो आणि गाठ आणखी घट्ट होते. यात देवीचा कोप कुठेही नाही.

माझ्याकडे अशीच एक मुलगी आली होती. कानामागे आवळ्याएवढी गाठ, वर कुंकवाचा थर. कात्रीने कापून ट्रेमध्ये उकलली तेव्हा आत लिखा, दोऱ्याचा तुकडा आणि अर्धी मोडलेली काळी पिन निघाली. खालची कातडी लाल, ओली, दोन ठिकाणी पू. आई शेजारी डोळे मिटून उभी होती. मुलीने मोकळ्या मानेवरून हात फिरवला आणि “आता खाजत नाही,” एवढंच म्हणाली. तेवढं म्हणायला तिला आठ महिने लागले होते.

तुमची श्रद्धा असेल तर सौंदत्तीला यल्लमाच्या देवळात जा, पौर्णिमेला नैवेद्य दाखवा, माझी हरकत नाही. पण पोरीच्या डोक्यावरचा आजार देवीच्या नावावर घालू नका. आपल्या याच सीमाभागात जट आली म्हणून मुली देवाला सोडल्या गेल्या आहेत. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकात 1982 मध्ये आणि महाराष्ट्रात 2005 मध्ये कायदे झाले, तरी भीती गेलेली नाही. ती याच ‘गल्लीतल्या बायका म्हणतात’मधून पुढच्या पिढीकडे जाते.

गाठ सैल असेल तर कंडिशनर किंवा खोबरेल तेलात भिजवून बोटांनी, टोकाकडून, दोन-तीन बैठकांत सोडवा. नमद्यासारखी घट्ट झाली असेल तर कापायचीच. सगळं डोकं भादरायची गरज नसते. घरी कात्री चालवायचा धीर नसेल तर उपजिल्हा रुग्णालयात किंवा कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात घेऊन या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्तेही घरी येऊन आईशी बोलतात आणि जट काढतात. ताप, पू किंवा मानेत कातडीखाली गाठी असतील तर त्याच दिवशी दाखवा. आणि टायफॉइड बरा झाल्यावरही ती गप्प राहत असेल, स्वतःकडे लक्ष देत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांशीही बोला.

प्र. कोंडा आहे. दही-लिंबू आणि भरपूर तेल लावते, तरी जात नाही. (कागल)

तेलाने कोंड्याची बुरशी पोसली जाते आणि लिंबाने टाळू भाजते. दोन्ही थांबवा आणि औषधी शाम्पू डॉक्टरांना विचारून घ्या.

प्र. शाळेत दोन घट्ट वेण्यांची सक्ती आहे. मुलीच्या कपाळावरचे केस विरळ झालेत, संध्याकाळी डोकं दुखतं. (गांधीनगर)

ओढ बसून मुळं सैल होतात. लवकर थांबवलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चाललं तर येत नाहीत. वेण्या घालाव्यात, पण सैल. वेणीचा पेड कानाच्या खालून सुरू करा, ओल्या केसांची वेणी घालू नका, रात्री केस मोकळे सोडा. मुलीला एकदा दाखवायला आणा. शाळेसाठी चिठ्ठी हवी असेल तर तेव्हाच लिहून देईन.