'निश'साठी अधिवास नको, कोनाडाही नको

प्रश्न : अंबाझरी तलावाजवळ पक्ष्यांच्या माहितीच्या पाट्या लिहायच्या आहेत. 'निश'ला (इंग्रजी niche, म्हणजे परिसंस्थेत प्रजाती काय करते आणि कशावर, कुठल्या परिस्थितीत जगते ते) 'अधिवास' म्हणू की 'कोनाडा'? (एक शिक्षिका, धरमपेठ)

ताई, दोन्ही नको. अधिवास म्हणजे राहण्याची जागा. तो शब्द 'हॅबिटॅट'साठी पक्का झालाय. कोनाडा, म्हणजे आपल्याकडची देवळी, हा शब्दशः अर्थ बरोबर, पण तीही जागाच. हिंदी पुस्तकांतलं 'निकेत' घ्याल, तर निकेत म्हणजे घर. फिरून तेच.

घोळ मुळातलाच आहे. १९१७ साली अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल यांनी 'निश' हा शब्द वापरला तेव्हा त्यांचा रोख जागेवर आणि तिथल्या परिस्थितीवर होता. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी १९२७ मध्ये तो प्राण्याचं अन्न आणि शत्रू यांच्याशी असलेल्या नात्याकडे वळवला. पाद्रीबाबा जाताना दिसले की त्यांचं गावातलं काम आठवतं, तसंच बॅजर (तिकडचा बिळात राहणारा एक प्राणी) दिसल्यावर त्याचं काम आठवावं, असं त्यांचं म्हणणं. १९५७ मध्ये परिसंस्थांचे अभ्यासक हचिन्सन यांनी तापमान, भक्ष्याचा आकार अशा एकेका घटकाचा अक्ष धरून प्रजाती कुठल्या मर्यादांत टिकते ते मांडलं. ही 'जागा' गणितातली, तलावावर दाखवता न येणारी.

अंबाझरीलाच बघा. पाणकावळा बुडी मारून मासा धरतो, खंड्या वरून सूर मारतो, ढोकरी काठाशी ताटकळत उभी असते. अधिवास एक, निश तीन.

आपल्या लोकांनी पक्ष्यांना नावं ठेवताना हा फरक बराच पाळलाय. कमळपक्षी हे नाव जागेवरून, तर सुतार, शिंपी, कोतवाल ही कामावरून. पण इथे जरा थांबा. शिंप्याचं पानं शिवणं हा त्याचा गुण. घरटं त्याचं, फायदा त्याचा. सुताराने कोरलेली ढोली मात्र पुढे पोपट, मैना, पिंगळा वापरतात, म्हणून ती परिसंस्थेतली भूमिका ठरते. कोतवाल कावळ्या-शिकऱ्यांना हुसकावतो आणि आसपासची छोटी घरटी वाचतात, हीसुद्धा भूमिकाच. पाटीवर गुण आणि भूमिका हे दोन शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका.

माझं मत विचाराल तर पाटीवर सरळ 'भूमिका' लिहा. तापमान, ओलावा, खाद्य असा सगळा हिशोब सांगायचा असेल तिथे 'निश'च ठेवा आणि खाली एका ओळीत अर्थ द्या : 'प्रजाती काय खाते, कुणाचं खाद्य होते आणि कुठल्या परिस्थितीत तग धरते, हे सगळं मिळून'.