जनुकीय चाचणीच्या रिपोर्टमधला ‘म्युटेशन’ शब्द वाचून घाबरू नकोस

म्युटेशन म्हणजे रोग नव्हे, हे आधी मनात पक्कं कर. आपल्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरं. पेशी दुभंगताना त्यांची नक्कल होते, त्यात एखादं चुकतं; तो बदल म्हणजे म्युटेशन. आईवडिलांत नसलेले काही डझन नवे बदल घेऊनच प्रत्येक बाळ जन्मतं, आणि बहुतेकांनी काहीही बिघडत नाही.

पण चूक कुठे झाली याला फार महत्त्व. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात हिमोग्लोबिनच्या जनुकात ‘जीएजी’ या तीन अक्षरांचं ‘जीटीजी’ होतं. बस्स, एकच अक्षर! तेवढ्याने ऑक्सिजन सोडलेली लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि माणूस वेदनेने कळवळतो. मात्र त्यासाठी सदोष प्रत दोन्ही पालकांकडून यावी लागते. एकच आली तर तो वाहक; त्याला सहसा त्रास नसतो, उलट गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के.

रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित’ (म्हणजे बदल घातक की निरुपद्रवी, हे अजून ठरलेलं नाही) असा शेरा असेल तर त्यावरून शस्त्रक्रियेसारखा निर्णय मुळीच घेऊ नकोस. रात्रभर इंटरनेट चाळण्यापेक्षा घरातल्या तीन पिढ्यांचे आजार, ते कोणत्या वयात झाले, हे लिहून काढ आणि तो कागद घेऊन जनुकीय समुपदेशकाला भेट.