युपेरबाई थंड नाहीत, तुमची सुरुवात चुकीच्या सिनेमापासून झालीय

तुम्ही लिहिलंय की 'द पियानो टीचर' अर्धा तास बघून बंद केला, त्यातली फ्रेंच नटी इझाबेल युपेर सतत दगडासारखा चेहरा करून फिरते, मग जगभरातले लोक हिला एवढं डोक्यावर का घेतात, आणि बघायचंच झालं तर सुरुवात कुठून करू. प्रश्न रास्त आहे. मीसुद्धा तो पहिल्यांदा पूर्ण बघू शकलो नव्हतो. होस्टेलवर मित्राने सीडी आणलेली, फ्रेंच पिक्चर म्हटल्यावर रूममध्ये आठ-दहा जण भलत्याच आशेने जमले, आणि वीस मिनिटांत एकेक जण मेसची वेळ झाली म्हणत सटकला. शेवटी मी आणि सीडीवाला मित्र उरलो, तोही झोपलेला.

आधी नावाचं सांगतो म्हणजे शोधताना गोंधळ नको. फ्रेंच लोक एच गिळतात, त्यामुळे इझाबेल युपेर. सर्च करताना हुपर्ट टाकलंत तरी सापडेल. जन्म १९५३, पॅरिस. बाई अजून काम करताहेत, आणि वर्षाला एखाद-दुसरा नाही, कधीकधी तीन-तीन सिनेमे, शिवाय नाटकं वेगळी.

आता दगडी चेहऱ्याबद्दल. आपल्याला लहानपणापासून सवय अशी लागलीय की दुःख झालं की नटाने ते आपल्याला दाखवायचं, म्हणजे डोळ्यात पाणी, थरथरते ओठ, मागे सारंगी. युपेर हे करतच नाही. तिची पात्रं आपल्या दारात सहानुभूती मागायला येत नाहीत, काहीतरी भयंकर करतात आणि आपल्याकडे बघतसुद्धा नाहीत, मग ते का केलं हे शोधण्याचं काम आपल्यावर येऊन पडतं. ज्याला हे आवडत नाही त्याला ती थंड वाटते, ज्याला एकदा चटक लागली तो कामातनं गेला.

हे तिने अगदी तरुणपणीच सुरू केलं. १९७७ चा 'ला दांतेलिएर' बघा, क्लोद गोरेता नावाच्या स्विस दिग्दर्शकाचा. ब्यूटी पार्लरमध्ये कामाला असलेली एक अबोल पोरगी, टोपणनाव पोम म्हणजे सफरचंद, तिला सुट्टीत एक शिकलेला मुलगा भेटतो, प्रेम होतं, मग हळूहळू त्याला तिची लाज वाटायला लागते आणि तो तिला सोडतो. बस, एवढीच गोष्ट. ती भांडत नाही, रडत नाही, नुसती विझत जाते. शेवटी तो तिला भेटायला मनोरुग्णांच्या संस्थेत येतो तेव्हा ती सांगते की मी मधे ग्रीसला जाऊन आले. तो गेल्यावर भिंतीवर ग्रीसची पोस्टरं दिसतात आणि मग ती विणता विणता मान वळवून सरळ कॅमेऱ्यात बघते. म्हणजे आपल्याकडे. त्या नजरेत तक्रार नाही, राग नाही, काहीच नाही, आणि मला तर त्या रात्री झोप लागली नव्हती. पियानो टीचरमधला चेहरा तो हाच, फक्त चोवीस वर्षांनी मोठा.

पुढच्याच वर्षी क्लोद शाब्रोल हा दिग्दर्शक तिच्या आयुष्यात आला आणि तिथून खरी मजा. 'व्हिओलेत नोझिएर' ही १९३३ साली खरी घडलेली केस, एका मुलीने आईबापांना विष दिलं, बाप मेला, आई वाचली. यासाठी तिला फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं, तेव्हा वय पंचवीस. शाब्रोलबरोबर एकूण सात सिनेमे केले तिने. त्यातला १९८८ चा 'युन आफेर द फाम' माझा सगळ्यात लाडका. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये एक बाई आधी शेजारणीची अडचण म्हणून आणि मग पैसे मिळतात म्हणून गर्भपात करून द्यायला लागते, हीपण खरी गोष्ट, मारी-लुईझ जिरो नावाच्या बाईला १९४३ मध्ये गिलोटिनवर चढवलं होतं. आपल्याकडे हा विषय कुणी केला असता तर ती बाई एकतर देवी झाली असती नाहीतर राक्षसीण. युपेरची बाई घरात चांगलंचुंगलं खायला आलं म्हणून खूश होते, नवऱ्याला टाळते, गाण्याचे क्लास लावते, जरा स्वार्थी आहे, जरा मूर्खही आहे, आणि म्हणूनच शेवट पोटात गोळा आणतो.

मधल्या काळातलं पटकन सांगतो. हॉलिवूडमध्ये मायकल चिमिनोने 'हेवन्स गेट'साठी हिचाच हट्ट धरला, स्टुडिओ नको म्हणत होता, आणि १९८० मध्ये तो सिनेमा असा आपटला की चार कोटी डॉलरच्या वर खर्च, वसुली त्याच्या दहाव्या हिश्शाचीही नाही, आणि पुढच्या वर्षी युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीच विकली गेली. त्यात हिचा काही दोष नव्हता. त्याच वर्षी तिकडे फ्रान्समध्ये पियाला या दिग्दर्शकाचा 'लुलू' आणि गोदारचा एक सिनेमा, दोन्ही हिच्या नावावर. तिकडचं दुकान बुडलं तर बुडलं, इकडचं चालूच.

आता तुमची सुरुवात. डोळे मिटून 'ला सेरेमोनी' लावा, १९९५ चा, शाब्रोलचाच. थ्रिलर आहे त्यामुळे कंटाळा यायची भीती नाही. एका श्रीमंत घरात नवीन मोलकरीण येते (काम सांद्रिन बोनेरने केलंय), तिला लिहिता-वाचता येत नाही आणि ते ती जिवाच्या आकांताने लपवतेय. युपेर आहे गावातली पोस्टमास्तरीण, दोन शेंड्या बांधलेली, च्युइंगगम चघळणारी, लोकांची पत्रं फोडणारी, तोंडाने फाटकी. इथे ती बिलकूल दगड नाही हे लक्षात घ्या, इथे ती नुसती फटाक्याची माळ आहे. एका सीनमध्ये दोघी एकमेकींची जुनी गुपितं काढतात, एकीचं मूल गेलंय, दुसरीचा बाप आगीत गेलाय, दोघींवर संशय होता, कुणाचं काही सिद्ध झालं नाही. आणि सिद्ध झालं नाही यावर दोघी शाळकरी पोरींसारख्या पलंगावर लोळत खिदळतात. एवढ्या साध्या हसण्याने माझ्या अंगावर काटा आला होता. याच सिनेमासाठी तिला पहिलं सेझार मिळालं, म्हणजे फ्रेंचांचा ऑस्कर म्हणा. तोवर कित्येक वेळा नॉमिनेशन होऊन हात हलवत परत आलेली, आजवर डझनाहून जास्त नॉमिनेशन्स आणि जिंकली फक्त दोन.

हा झाला की 'लाव्हनीर' घ्या, २०१६, दिग्दर्शिका मिया हान्सेन-लोव्ह. तत्त्वज्ञान शिकवणारी पन्नाशी ओलांडलेली बाई, नवरा दुसरीसाठी सोडून जातो, आई जाते, गळ्यात आईची मांजर पडते. ती बसमध्ये बसून रडतेय आणि खिडकीतनं तिला नवरा त्या दुसरीबरोबर रस्त्याने जाताना दिसतो, आणि तिला हसूच फुटतं. रडणं आणि हसणं यांच्यामधे कुठेही सांधा दिसत नाही. माझ्या बायकोला सबटायटल्सवाले सिनेमे चालत नाहीत, तिनेसुद्धा हा पूर्ण बघितला, मधे चहाला उठली नाही.

आणि मग परत 'द पियानो टीचर'. २००१, मिशाएल हानेके, येलिनेक या ऑस्ट्रियन लेखिकेच्या कादंबरीवरून. व्हिएन्नात घडतो आणि सगळे फ्रेंच बोलतात हे आधी खटकतं, मग विसरायला होतं. या वेळेस दोनच गोष्टी बघा. एक, तिच्याकडे शिकायला येऊ बघणारा तो तरुण मुलगा परीक्षेला पियानो वाजवतो तेव्हा कॅमेरा त्याच्यापेक्षा हिच्या चेहऱ्यावर जास्त थांबतो. वरवर काही हलत नाही, पण तिला ते वादन आवडतंय आणि आवडतंय याचाच राग येतोय, हे नीट बघितलं की दिसतं. दोन, तोच मुलगा एका घाबरलेल्या विद्यार्थिनीशी प्रेमाने वागतो, ते बघून हिचे डोळे भरतात, आपल्याला वाटतं चला पाझर फुटला. आणि ती उठते, कोट टांगलेल्या खोलीत जाते, ग्लास स्कार्फमध्ये गुंडाळून फोडते आणि काचा त्या पोरीच्या खिशात टाकते. कानमध्ये दुसऱ्यांदा बक्षीस मिळालं ते यासाठी. (घरच्यांसोबत बघू नका, हे सांगायला नकोच.)

व्हेरहूवनचा 'एल' सगळ्यात शेवटी ठेवा. सुरुवातच बलात्काराने होते, त्यामुळे त्रास होणार असेल तर सरळ सोडून द्या, काही बिघडत नाही. हल्ल्यानंतर ती उठून फुटलेली भांडी झाडून काढते, आंघोळ करते, फोन करून सुशी मागवते. ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, बाहुली मात्र एमा स्टोन घेऊन गेली. माझं मत विचाराल तर अन्याय झाला, पण मी पक्षपाती आहे.

जाता जाता, २०१९ मध्ये गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात तिला जीवनगौरव दिला होता. त्याच सोहळ्यात रजनीकांतचाही सत्कार होता, अमिताभही होता, त्यामुळे बातम्यांमध्ये ही बाई दोन सेकंद दिसली असेल. मी टीव्हीसमोर ओरडलो की अरे तिला दाखवा, तर आमची आई म्हणाली, कोण ती, बारीकशी?

ला सेरेमोनी बघून झाला की इथेच लिहा. शेवटच्या टेपरेकॉर्डरबद्दल मला कुणाशी तरी बोलायचंय, आत्ता सांगितलं तर तुमचा सिनेमा जाईल.