चोरून कशाला बघता?

प्रश्न : काका, नमस्कार. शुक्रवार पेठेत आमचं मिरची-मसाल्याचं कांडप आहे. सीझनला सगळा दिवस मशीनच्या आवाजात जातो. रात्री घर निजलं की मी कानात हेडफोन घालून मोबाईलवर जुने इंग्रजी भुताचे सिनेमे बघते. इंग्लंडात स्वस्तात काढलेले. खोटा किल्ला, धूर, लालभडक रक्त. लेक फिल्म क्लबात जाते. परवा तिनं बघितलं आणि म्हणाली, "आई, असलं काय बघतीस? जगात एवढं चांगलं पडलंय." तेव्हापासून मोबाईल उघडला की चोरी केल्यासारखं वाटतं. पण सोडवतही नाही. काय करू?

उत्तर : ताई, अजिबात सोडू नका. मी आयुष्यभर नाटकाचे पडदे रंगवले, त्यामुळं तुमच्या या सिनेमांकडं मी आधी रंगाऱ्याच्या नजरेनं बघतो. आणि त्या नजरेला त्यात हलकं काही दिसत नाही.

तुम्ही बघता त्यातले बरेचसे हॅमर कंपनीचे असणार. त्यांचा स्टुडिओ म्हणजे लंडनबाहेर ब्रे इथं थेम्सकाठचा एक जुना वाडा. जागा थोडी, पैसा त्याहून थोडा. बर्नार्ड रॉबिन्सन नावाचा त्यांचा कलादिग्दर्शक तेच खांब, तेच जिने फिरवून फिरवून वापरायचा. 'द प्लेग ऑफ द झॉम्बीज' आणि 'द रेप्टाइल' हे 1966 चे दोन सिनेमे लागोपाठ बघा. दोन्हींत कॉर्नवॉलचं खेडं आहे, आणि ते एकच खेडं आहे! दिग्दर्शकही एकच, जॉन गिलिंग. एका सेटवर पाठोपाठ दोन्ही चित्रं उरकली. तरी एकात ती गल्ली वेगळी भीती दाखवते, दुसऱ्यात वेगळी. जुना पडदा नव्या नाटकाला लावून नवा दिसायला लावणं किती अवघड असतं ते मला विचारा.

त्यातल्या झॉम्बीच्या गोष्टीत तर गावचा जमीनदार मेलेल्या माणसांना उठवून आपल्या कथलाच्या खाणीत राबवतो. ना मजुरी, ना तक्रार. ही कल्पना ज्याला सुचली त्याला माणसाची भीती नेमकी कुठं असते ते ठाऊक होतं. मला भूत दिसल्यावर नाही, त्या खाणीतल्या घमेल्यांकडं बघून शहारे आले.

रक्ताचं म्हणाल, तर 1957 साली त्यांनी फ्रँकेन्स्टाइन काढला तेव्हा भयपट रंगीत असणंच नवं होतं. म्हणून ते रक्त रंगपंचमीच्या रंगासारखं उठून दिसतं, आणि दिसावं म्हणूनच तसं केलेलं आहे. त्यातल्या राक्षसाचा जुना प्रसिद्ध चेहरा अमेरिकन कंपनीच्या हक्काचा होता. तो घेता येईना, मग यांच्या रंगभूषाकारानं स्वतःचा नवा घडवला.

आणि पीटर कुशिंग! 1958 च्या 'ड्रॅक्युला'चा शेवट पुन्हा लावा. ड्रॅक्युलाला संपवायला आलेला तो टेबलावरून धावत जाऊन खिडकीचा पडदा ओढून काढतो, ऊन आत येतं, आणि दोन मेणबत्तीदाण्या एकमेकींवर आडव्या धरून तो क्रूस करतो. मेणबत्तीदाण्यांची युक्ती त्यानंच सुचवलेली. महागडं यंत्र नाही, कसली जादू नाही. हाताशी आहे ते उचललं आणि जीव ओतून काम केलं. हा नट एकाही सिनेमात 'हे सगळं खोटं आहे' असं तोंडावर दिसू देत नाही. तुम्हाला सोडवत नाही ते यामुळं, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या कोल्हापुरात तरी हे कुणाला परकं वाटू नये. बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदेच रंगवायचे. कॅमेरा त्यांनी स्वतः जुळवला. 1920 च्या 'सैरंध्री'त कीचकवध असा दाखवला की प्रेक्षकांना भोवळ आली, आणि तो प्रसंग कापावा लागला. लेकीच्या क्लबात बाबूरावांचं नाव आदरानं घेतलं जात असेल, घ्यायलाच हवं. मग ब्रेच्या त्या वाड्यातल्या माणसांनाही थोडा आदर द्यायला काय हरकत आहे?

सगळेच चांगले आहेत असं मात्र नाही. सत्तरनंतर ड्रॅक्युलाला त्या वेळच्या लंडनात आणून बसवलं, ते मला बघवत नाही. तिथं धूरही गेला आणि किल्लाही.

आता मोबाईल ठेवा बाजूला. रविवारी दुपारी हॉलमधल्या टीव्हीवर झॉम्बीचा सिनेमा लावा आणि लेकीला शेजारी बसवा. बोलू नका काही, खाण आली की तिच्याकडं बघा. तिला आवडला तर पुढच्या रविवारी 1973 चा 'द विकर मॅन' लावा. तो हॅमरचा नाही. स्कॉटलंडच्या एका बेटावर हरवलेली मुलगी शोधायला पोलीस येतो, भूत एकही नाही. हॅमरचा ड्रॅक्युला झालेला नट ख्रिस्तोफर ली यानं त्यात बिनपैशानं काम केलं, इतका त्याला तो हवा होता. गाणी बरीच आहेत, सबटायटल चालू ठेवा, म्हणजे त्यातलं काही निसटणार नाही.