सायटिका झालाय, वॉक बंद करू का?

प्रश्न : ताई, वय ४६, नागपुरात त्रिमूर्ती नगरला राहतो अन् रोज स्कूटीनं हिंगणा एमआयडीसीत जातो. तीन आठवड्यांपासून डाव्या कुल्ल्यातून कळ निघते ती थेट पोटरीपर्यंत, शिंकलं तरी झणका बसतो. अंबाझरीचा सकाळचा वॉक, सूर्यनमस्कार सगळं बंद, वजन वाढून राहिलं ते वेगळंच. घरचे म्हणतात महिनाभर पलंगावरून उठूच नको. खरंच पडून राहू का?

उत्तर : नाही भाऊ, महिनाभर बिलकुल नाही. फारच दुखत असेल तर एक-दोन दिवस आराम ठीक, पण त्यापुढे पडून राहिलात की कंबरेचे अन् मांडीचे स्नायू ढिले पडतात अन् मग उठून चालणंच जड जातं. सायटिकात बहुतेकदा कंबरेतली गादी, म्हणजे डिस्क, सरकून नसेच्या मुळावर दाबते, अन् ती नस कुल्ल्यातून पार पावलापर्यंत उतरते, म्हणून बिघाड कंबरेत अन् दुखणं पोटरीत. बऱ्याच जणांचं हे ऑपरेशनशिवाय सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ कमी होतं.

वॉक सुरू करा, पण पहिल्यासारखा लांबचा नको. सपाट रस्त्यावर दहा-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. चालताना कळ कुठं सरकते तिकडे लक्ष ठेवा, माझ्या मते हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. पोटरीतली कळ वर चढून कंबरेतच थांबली तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ती चांगली खूण, अन् पावलाकडे उतरत चालली, मुंग्या वाढल्या तर तिथंच थांबा. माझ्याकडे येणारे कितीतरी जण नेमकं उलटं करतात, कंबर दुखली की वॉक सोडतात अन् पायाला मुंग्या येत असताना हट्टानं स्ट्रेचिंग करतात, फार जीव तुटतो हो ते पाहून.

सूर्यनमस्कार सध्या राहू द्या, पाय सरळ ठेवून खाली वाकलं की नस ताणली जाते. खरा त्रास चालण्यापेक्षा बसण्यानं होतो, म्हणून ऑफिसात अर्ध्या तासानं उठाच. स्कूटीचे खड्डे-ब्रेकरचे धक्के काही दिवस टाळा, सुभाष नगरवरून मेट्रोनं लोकमान्य नगरपर्यंत जा, जमलं तर उभ्यानं. भरलेली बादली, सिलेंडर उचलू नका.

अन् एक, पाऊल वर उचललं जात नसेल, टाचांवर चालता येत नसेल तर लगेच डॉक्टरला दाखवा. लघवी-संडासचा ताबा गेला किंवा दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट पाहू नका.