नव्या देशातील पहिली आयटी नोकरी : ‘इथला अनुभव’ नसताना काय दाखवावे?

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीची पदवीधर असून दोन वर्षे एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅन्युअल टेस्टिंग (सॉफ्टवेअर स्वतः वापरून त्यातील दोष शोधणे) केले आहे. सात महिन्यांपूर्वी पतीच्या नोकरीमुळे परदेशात आले. मला येथे काम करण्याची पूर्ण परवानगी आहे. आतापर्यंत १४० अर्ज केले. दोनच ठिकाणांहून फोन आले आणि दोन्हीकडे ‘इथला अनुभव आहे का?’ या प्रश्नावर बोलणे संपले. एक एजन्सी पैसे घेऊन बायोडेटामध्ये तीन वर्षांचा स्थानिक अनुभव दाखवून देण्यास तयार आहे. मी काय करावे? पुन्हा शिकावे, की मिळेल ते काम धरावे?

उत्तर : १४० अर्जांतून दोनच फोन आले, याचा अर्थ अडचण मुलाखतीत नाही, तिच्या बरीच अलीकडे आहे. तुमचे काम पाहून कोणी ते नापसंत केले, असे एकदाही घडलेले नाही. ते पाहण्यापर्यंत कोणी पोहोचलेच नाही. सात महिन्यांच्या नकारांनंतर स्वतःच्या कुवतीविषयीच शंका येऊ लागते, म्हणून हे आधी स्पष्ट सांगतो.

अर्ज चाळणाऱ्या व्यक्तीला तुमचे विद्यापीठ माहीत नसते, तुमची जुनी कंपनी माहीत नसते आणि तुमच्याविषयी कोणाला विचारावे हेही माहीत नसते. समोर शेकडो अर्ज असताना ज्याची खात्री करून घेता येत नाही, तो अर्ज बाजूला ठेवणे तिला सोपे जाते. ‘इथला अनुभव’ या शब्दांमागे बहुतेक वेळा एवढेच असते. त्यामुळे पुढील काही महिन्यांत जे कराल ते एकाच कसोटीवर तपासून पाहा : मला न ओळखणाऱ्या माणसाला माझी पारख करणे यामुळे सोपे होईल का?

याच कसोटीवर त्या एजन्सीचा विचार करा. तिचा प्रस्ताव आजच नाकारा. नेमणुकीपूर्वी अनेक कंपन्या उमेदवाराची पार्श्वभूमी तपासतात. सात महिन्यांपूर्वी देशात आलेल्या व्यक्तीचा तेथील तीन वर्षांचा अनुभव तर पासपोर्टवरील तारखेपुढेच टिकणार नाही. खोटे उघड झाले तर नोकरी जाईलच, शिवाय पुढे व्हिसाच्या किंवा कायम निवासाच्या अर्जातही अडचण येऊ शकते. नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडूनच पैसे मागणाऱ्यांपासून एरवीही दूर राहावे.

आता बायोडेटाकडे वळू, कारण खरी दुरुस्ती तेथेच आहे. तुम्ही सोबत पाठवलेल्या प्रतीत वडिलांचे नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती आणि छायाचित्र आहे. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमध्ये यांपैकी काहीही देण्याची पद्धत नाही. जर्मनीत मात्र छायाचित्र अजूनही अनेक जण लावतात, म्हणून तुम्ही आता राहता त्या देशातील रीत पाहून निर्णय घ्या. तारखांमध्ये महिना अक्षरांत लिहा, कारण ०४/०७ हे कोठे ४ जुलै असते, तर कोठे ७ एप्रिल. नाव आणि संपर्काच्या खाली, सर्वांत वर, ‘काम करण्याची परवानगी आहे, प्रायोजकत्वाची गरज नाही’ ही ओळ ठळकपणे हवी (प्रायोजकत्व म्हणजे कंपनीने उमेदवाराच्या व्हिसाची जबाबदारी घेणे). ती तुमच्या बायोडेटात कोठेच नाही. परदेशी नाव आणि परदेशी पदवी पाहिल्यावर भरती करणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न व्हिसाचा येतो आणि तो विचारत बसण्याऐवजी बरेच जण पुढचा अर्ज उघडतात.

अनुभवाखाली तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे : ‘वेब ॲप्लिकेशनच्या चाचणीची जबाबदारी सांभाळली.’ हे वाक्य कोणाही टेस्टरला लागू पडेल. त्याऐवजी असे लिहून पाहा : ‘विम्याचे हप्ते भरण्याच्या पोर्टलची चाचणी, दर दोन आठवड्यांनी येणाऱ्या आवृत्तीपूर्वी सुमारे १८० टेस्ट केस चालवल्या, नेटवर्क तुटल्यास एकच हप्ता दोनदा कापला जाण्याचा दोष पोर्टल ग्राहकांपर्यंत जाण्यापूर्वी पकडला.’ हे काम आणि हे आकडे नमुन्यादाखल आहेत, तेथे तुमचे खरे तपशील घाला. जुन्या कंपनीचे नाव येथे कोणाला ठाऊक नसल्याने तिच्यापुढे ती काय करते आणि किती मोठी आहे, हेही अर्ध्या ओळीत द्यावे.

कागदावर सांगितलेल्या गोष्टीला उघड्यावर पाहता येणारे काम जोडले, तर ‘इथला अनुभव’ हा प्रश्न बराच सौम्य होतो आणि टेस्टरसाठी तर ही संधी फार जवळ आहे. फायरफॉक्स ब्राउझरमधील दोष नोंदवण्यासाठी, तो बनवणाऱ्या मोझिलाच्या बगझिला या प्रणालीवर कोणीही खाते उघडू शकतो आणि तेथील बहुतांश नोंदी सर्वांना वाचता येतात. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावरील अनेक मुक्त (ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो असे) प्रकल्प नवख्यांना झेपतील अशा कामांवर ‘गुड फर्स्ट इश्यू’ असे लेबल लावतात. ‘फॉर्म नीट चालत नाही’ अशी नोंद कोणाच्याच उपयोगाची नसते. ज्या नोंदीत आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम दिलेली असते, दोष पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या क्रमाने असतात, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले हे वेगवेगळे मांडलेले असते, तिच्यावरून टेस्टरची शिस्त दिसते. अशा पाच उत्तम नोंदी आणि त्यांवर प्रकल्पातील विकासकांशी झालेला नेटका संवाद बायोडेटात जोडा. तुम्हाला कामाची भाषा जमेल का, ही शंकाही त्यातून परस्पर मिटते.

केवळ मॅन्युअल टेस्टिंगवर मात्र थांबू नका, कारण टेस्टरच्या जाहिरातींत आता ऑटोमेशनही (कोड लिहून चाचण्या आपोआप चालवणे) मागितले जाते. सेलेनियम किंवा प्लेराइट या त्यासाठीच्या साधनांपैकी तुमच्या शहरातील जाहिरातींमध्ये जे अधिक दिसते ते एकच निवडा. एखाद्या सराव-संकेतस्थळासाठी पंधरा-वीस चाचण्या लिहा. कोडमध्ये बदल होताच त्या गिटहब ॲक्शन्स या गिटहबच्याच सुविधेमधून आपोआप चालतील अशी व्यवस्था करा आणि प्रकल्पाची माहिती देणाऱ्या रीडमी फाइलमध्ये कोणत्या गोष्टी तपासल्या, कोणत्या सोडल्या आणि का, हे लिहा. हा ‘का’ अनुभवी माणूस सर्वांत आधी वाचतो. आयएसटीक्यूबी या सॉफ्टवेअर-चाचणीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे फाउंडेशन (पायाभूत) प्रमाणपत्रही घ्यावे, असे मी सुचवेन. परीक्षेत ४० प्रश्न आणि ६० मिनिटे असतात, उत्तीर्ण होण्यासाठी २६ गुण लागतात आणि परीक्षेची भाषा मातृभाषा नसलेल्यांना १५ मिनिटे अधिक मिळतात. प्रमाणपत्राने कोणी निष्णात होत नाही, पण हे नाव अनेक देशांतील टेस्टर ओळखतात.

ओळखींविषयी तुम्ही ‘येथे आमचे फारसे कोणी नाही’ असे लिहिले आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवले की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती निकटच्या स्नेह्यांकडून नव्हे, तर अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या परिचितांकडून कळली होती. लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या ओळखींच्या संकेतस्थळाच्या सुमारे २ कोटी सदस्यांवरील, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही ओळखीचे असे मध्यम-दुबळे (फार घट्ट नाहीत, पण अगदी सैलही नाहीत असे) धागेच अधिक उपयोगी ठरले आणि डिजिटल क्षेत्रांत ते विशेष दिसले. त्यामुळे जवळचे कोणी नसणे हा तुम्हाला वाटतो तेवढा तोटा नाही. शहरातील टेस्टर मंडळींच्या मेळाव्यांना जा आणि तेथे नोकरी मागू नका. ‘तुमच्या टीममध्ये नव्या टेस्टरला पहिल्या महिन्यात काय येणे अपेक्षित असते?’ असे विचारा. लोक कामाविषयी मोकळेपणाने बोलतात आणि पुढे जागा निघाली की त्यांना तुम्ही आठवता. महिन्याला वीस अर्ज करण्याऐवजी पाच नीट करा आणि वाचलेला वेळ या मेळाव्यांना द्या.

मुलाखतीबाबत एकच सांगतो. आपल्याला ‘आम्ही केले’ असे बोलण्याची सवय असते आणि तिच्यात विनय आहे, पण ऐकणाऱ्याला तुमचा वाटा कळत नाही. टीमने काय केले ते एका वाक्यात सांगून पुढे ‘मी’ने बोला.

पदव्युत्तर शिक्षणाची घाई आत्ता करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्यापुढील अडचण ज्ञानाची नाही आणि तो खर्च मोठा असतो. मिळेल ते काम धरण्याबाबत मात्र तारतम्य ठेवा. सॉफ्टवेअर कंपनीतील ग्राहक-साहाय्य किंवा सहा महिन्यांचे कंत्राटी टेस्टिंग मिळाले तर आनंदाने घ्या, कारण त्यातून स्थानिक वरिष्ठ आणि स्थानिक संदर्भ (तुमच्या कामाविषयी खात्री देणारी व्यक्ती) मिळतो. घरखर्चासाठी वेगळे काम करावे लागले तर त्यात कमीपणा नाही, परंतु आठवड्यातील दोन दिवस तरी वरील कामांसाठी राखून ठेवा.

सुरुवात जुन्या कंपनीतील टीम लीडला पत्र लिहून करा. संदर्भासाठी नाव देऊ का, हे त्यांना विचारा आणि वेळेच्या फरकामुळे फोनपेक्षा ईमेल सोयीचा ठरेल का, तेही विचारून घ्या. तुम्ही पकडलेला एखादा दोष त्यांना आठवतो का, हे याच पत्रात विचारा. उत्तरातून तुमच्या बायोडेटासाठी हवी असलेली ओळ मिळण्याची शक्यता बरीच आहे.